उन्हाचा हिशेब, विटांचा हिशेब

घर बांधायला काढलं की आपल्याकडे सल्लागारांना तोटा नसतो. मिस्त्री म्हणतो, ‘ताई, दहा बाय बाराच्या दोन खोल्या काढू, सरळ काम.’ शेजारचे काका म्हणतात, दार पूर्वेलाच पाहिजे. दीर म्हणतात, स्लॅबच टाका, टिनाचं घर म्हणजे भट्टी. सासूबाईंना चूल आग्नेयेला हवी असते. सगळ्यांचं बोलून झालं की चुन्याची फक्की पडते, आखणी होते. आणि जिचा सगळा दिवस त्या घरात जायचा असतो, ती बाई तेव्हा आत चहाचे कप विसळत असते!

मैत्रिणींनो, आज घराच्या नकाशाबद्दल लिहायचं आहे. विषय जरा कॉम्प्युटरचा आहे, पण म्हणून पान उलटू नका. मी स्वतः बी. ए., तेही मराठी घेऊन. मला समजलं म्हणजे तुम्हाला समजणारच.

मी सेलूला राहते. बचत गटांच्या निमित्ताने आजूबाजूच्या गावांत माझं सारखं जाणं-येणं असतं. घरकुलाची यादी लागली की गटाच्या बैठकीत दुसरा विषयच निघत नाही. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ही २०१६ पासूनची. आपल्यासारख्या सपाट भागात मूळ मदत १ लाख २० हजारांची, आणि महाराष्ट्रात २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची वाढ जाहीर केली. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण २७० चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागाही आली. एवढ्याशा जागेत एक अख्खा संसार! पैसाही आयुष्यात एकदाच मिळणारा. खिडकी चुकली की ती पुढची चाळीस वर्षं चुकलेलीच राहते.

या योजनेत ठेकेदार नेमायचा नसतो, घर ज्याचं त्याने बांधायचं असतं. सगळ्यांनी एकाच नकाशाचं घर बांधावं अशी सक्तीही नाही. हे कित्येक बायकांना ठाऊकच नसतं. प्रत्यक्षात काय होतं, तर गावात जो मिस्त्री असतो, त्याच्या डोक्यात एक नकाशा असतो. तोच तो इकडे लावतो, तिकडे लावतो. आमच्या जवळच्याच एका गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरकुलं झाली. पैसे तेवढेच, विटा तेवढ्याच. नकाशा मात्र रस्त्याकडे तोंड करून नुसता फिरवलेला. त्यामुळे एका बाजूच्या बायकांना सकाळी अकरा वाजता भाकरी थापायला बल्ब लावावा लागतो, आणि समोरच्यांच्या स्वयंपाकाच्या भिंतीला उन्हाळ्यात दुपारी चारला हात लावता येत नाही. आपला वर्धा जिल्हा म्हणजे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणारा. तिथे पश्चिमेच्या भिंतीला चूल म्हणजे आगीच्या शेजारी आग.

माझी भाची नागपूरला आर्किटेक्चर शिकते. दिवाळीत चार दिवस राहायला आली होती. मी आपली या घरांबद्दल तिच्याजवळ कुरकुर करत होते, तर म्हणाली, ‘मावशी, अशा गोष्टी आता कॉम्प्युटरला विचारता येतात. त्याला जनरेटिव्ह डिझाइन म्हणतात.’ आणि लॅपटॉप उघडून बसलीच. तिच्या त्या प्रोग्रामचं नाव ग्रासहॉपर, म्हणजे आपला नाकतोडा! नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण काम मोठं आहे.

आतापर्यंत कॉम्प्युटरवर नकाशा म्हणजे आपण काढायचा आणि त्याने सुबक करून द्यायचा, एवढंच मला माहीत होतं. यात उलट आहे. आपण नकाशा काढायचाच नाही, नुसत्या अटी सांगायच्या. जागा एवढी, रस्ता या बाजूला, खोल्या इतक्या, खर्च जितका कमी तितका बरा, सूर्यप्रकाश एवढा हवा, सिमेंट आणि भाजलेल्या विटा शक्य तितक्या कमी. मग नकाशे ते काढतं. एक-दोन नाही, शेकड्याने.

इतके येतात कुठून? साधा गुणाकार आहे. दार चार दिशांपैकी कुठेही. खिडकीची मापं पाच. भिंतीचे प्रकार तीन. छपराचे चार. सपरी चारपैकी कोणत्याही बाजूला. चार गुणिले पाच गुणिले तीन गुणिले चार गुणिले चार... झाली की ९६० घरं! एकाच प्लॉटवर. मिस्त्री त्यातलं एक दाखवतो, आणि आपण मान डोलावतो.

यातली चांगली कशी शोधायची, याची युक्ती मला फार आवडली, कारण ती आपल्या आजीची आहे. खळ्यावर ज्वारी आली की आजी टपोरी, भरलेली कणसं बाजूला काढून बियाण्यासाठी टांगून ठेवायची. किडकी, पोचट कणसं बियाण्यात जाऊ द्यायची नाही. वर्षानुवर्षं असं केलं की वाण सुधारतो. कॉम्प्युटरही तेच करतो. पन्नास नकाशे काढतो, प्रत्येकाला गुण देतो, कमी गुणांचे टाकून देतो. चांगल्यांची आपसात लग्नं लावतो म्हणा ना: याची खिडकी, त्याचं छप्पर. मध्येच एखादा नवाच बदलही करून पाहतो. मग त्यांच्या पोरांना पुन्हा गुण. याला जेनेटिक अल्गोरिदम म्हणतात. मिशिगन विद्यापीठातल्या जॉन हॉलंड यांनी १९७५ साली यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे कल्पना काही कालची नाही, कॉम्प्युटर आता वेगवान झाले एवढंच.

तरी शेवटी एकच ‘सर्वांत उत्तम’ नकाशा काही निघत नाही. साडीच्या दुकानात बघा, स्वस्त, नेसायला हलकी आणि रंग न जाणारी, तिन्ही गुण एकाच साडीत कधी सापडलेत? एक मिळालं की दुसरं सोडावं लागतं. विल्फ्रेडो पॅरेटो नावाचे एक इटालियन अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले, १९२३ साली वारले. त्यांच्या नावाने ही गोष्ट ओळखतात. जी घरं सगळ्याच बाबतीत दुसऱ्या कुठल्या तरी घराहून वाईट, ती कॉम्प्युटर सरळ बाद करतो. उरतात ती अशी, की एका बाबतीत मिळवायचं तर दुसऱ्या बाबतीत काहीतरी द्यावंच लागेल. तिथे मशीन थांबतं. निवड आपली.

भाचीने पाहायला खरा प्लॉट मागितला. आमच्या गटातल्या एक मावशी नुकत्याच यादीत आल्या होत्या. रस्ता उत्तरेला, आणि पश्चिमेच्या अंगाला एक जुना, मोठा कडुलिंब. आम्ही टेप घेऊन गेलो, मापं घेतली. भाचीने नागपूरच्या हवामानाची वर्षभराची फाइल त्यात घातली. हवामान आपलं आणि नागपूरचं जवळपास सारखंच. रात्रभर ते मशीन घुंई करत बसलं.

सकाळी पाहतो तर काय, वरच्या नंबरातल्या एकाही नकाशात कडुलिंब नाही!

कारण अगदी सरळ होतं. भाचीने ‘वर्षभरात जास्तीत जास्त सूर्यप्रकाश’ असं सांगितलं होतं. झाडाची सावली म्हणजे प्रकाशात घट, म्हणजे गुण कमी. मशीनच्या लेखी झाड हा अडथळा. त्यातून ‘पर्यावरण’ या खात्यात तिने फक्त सिमेंट आणि विटा मोजल्या होत्या. सिमेंटचं म्हणाल तर पन्नास किलोच्या एका पोत्यामागे पंचवीस किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा ते मोजणं बरोबरच. पण उभ्या झाडाचं खातंच नव्हतं, तर त्याला गुण कुठून मिळणार?

मावशी लॅपटॉपकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पोरी, ऊन कवा पायजे अन् कवा नाई, हे त्या मशीनले कोन सांगन?’

मला तर वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. ऊन म्हणजे एकच वस्तू नव्हे. डिसेंबरच्या सकाळचं ऊन बाळाला न्हाऊ-माखू घालताना हवं असतं, उडदाचे वडे वाळवायला हवं असतं, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना हवं असतं. तेच ऊन एप्रिलच्या दुपारी शत्रू. भाचीने अटी बदलल्या. थंडीतल्या सकाळच्या उन्हाला गुण. मार्च ते जून दुपारनंतर भिंतीवर पडणाऱ्या उन्हाचे गुण वजा. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ दिवसा दिव्याशिवाय काम होईल एवढा उजेड, ही वेगळी अट. आणि कडुलिंबाला स्वतःचं खातं. कडुलिंबाची जुनी पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि ऐन उन्हाळ्याआधी नवी फुटतात. म्हणजे सावली नेमकी लागते तेव्हा हजर!

मग आलेले नकाशे बघण्यासारखे होते. घर पूर्वेकडे सरकलं, सपरी पश्चिमेला कडुलिंबाखाली आली, स्वयंपाकाची जागा दक्षिण-पूर्व कोपऱ्यात गेली. सासूबाईंची आग्नेय! फक्त इथे ती वास्तुशास्त्राने नव्हे, सकाळच्या उजेडाने आणि दुपारच्या सावलीने ठरवली. दोन्ही पक्ष खूश.

भिंतींचा प्रश्न मात्र सोपा सुटला नाही. आपली जुनी मातीची दीड फुटी भिंत उन्हाळ्यात किती गार, हे मी सांगायला नको. पण बाहेरून अठरा बाय अठराचं घर धरलं, तर नऊ इंची भिंतीत आत २७२ चौरस फूट मिळतात आणि दीड फुटी भिंतीत २२५. सत्तेचाळीस फूट भिंतीनेच खाल्ले, म्हणजे एक छोटी स्वयंपाकखोलीच गेली. एवढ्याशा घरात हा गारवा महागच पडतो. मशीनने वर आणलेला एक पर्याय विटांच्या पोकळ बांधणीचा होता. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी सोडायची. याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. केरळमध्ये राहून कमी खर्चाची घरं बांधणारे लॉरी बेकर यांनी ही पद्धत आपल्या देशात रुजवली. विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे भिंत लवकर तापत नाही. विटा राखेच्या घेतल्या तर शेतातली माती जळत नाही. कोराडी-खापरखेड्याची राख आपल्यापासून काही लांब नाही.

छपरापाशी मशीन पुन्हा फसलं. गुणांच्या हिशेबात कवेलू वर होते. मावशी हसायलाच लागल्या. ‘कवेलू? अन् वानरं ठेवतीन काय?’ आमच्याकडे बोरच्या जंगलाच्या बाजूला वानरांचा असा उच्छाद आहे, की कवेलूचं घर दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं. कॉम्प्युटरच्या कुठल्याच फाइलमध्ये वानर नव्हतं! शेवटी तोडगा निघाला तो स्लॅबचाच, पण थोडा वेगळा. स्लॅबच्या खालच्या थरात जिथे काँक्रीट नुसतंच भर म्हणून असतं, तिथे जुने इंग्रजी कवेलू बसवायचे. त्याला फिलर स्लॅब म्हणतात. काँक्रीट कमी लागतं, वजन कमी होतं, आणि खालून दिसतंही छान. मावशींच्या पडक्या घराचे कवेलू होतेच. मात्र गज किती आणि किती अंतरावर, हे इंजिनिअरलाच विचारायचं. ते अंदाजपंचे करायचं काम नाही.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला नेलं. म्हटलं, तुझं मशीन पाहिलं, आता आमचं पाहा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. वऱ्हाडातल्या गजानन महाराजांच्या शेगावशी गल्लत व्हायची म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आज जिला आपण बापू कुटी म्हणतो, ती मुळात मीराबेनची झोपडी. माती, बांबू, कवेलू, चारी बाजूंनी खाली उतरलेलं छप्पर. उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम सुकतो. भिंतीवरचं ताडाच्या झाडांचं मातीकाम मीराबेनच्या हातचं.

१९३७ च्या जानेवारीत ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी आदर्श खेडं कसं असावं ते लिहिलं. घरात पुरेसा उजेड आणि हवा हवी, घराचं सामान पाच मैलांच्या आतलं हवं, घराला अंगण हवं आणि त्यात घरापुरता भाजीपाला पिकावा. भाची ऐकून गप्पच झाली. मग म्हणाली, ‘मावशी, ही तर इनपुटची यादी आहे!’ खरंच की. उजेड, खर्च आणि निसर्ग, तिन्ही खाती तिथे आहेत. आणि पाच मैल ही तर आकड्यातली अट, कुठल्याही मशीनला समजेल अशी. १९७८ मध्ये इव्हान इलिच हे परदेशी विचारवंत सेवाग्रामला आले होते, त्यांनी या कुटीवर भाषण दिलं. आजही ते जगभर वाचलं जातं. आपण मात्र तिथे सहलीला जातो, फोटो काढतो आणि घरी येऊन टिनाचा पत्रा ठोकतो!

वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने केलेलं कामही या निमित्ताने सांगायला हवं. त्यांनी कुंभाराच्या चाकावर होणारं शंकूच्या आकाराचं कवेलू तयार केलं. एकात एक बसवत गेलं की त्याची कमान होते आणि कमानींचं छप्पर, ना लाकूड ना लोखंड. पोकळ असल्यामुळे गारवाही. आता हा प्रकार भाचीच्या नाकतोड्यात कुठे होता? नव्हता. त्याच्या छपरांच्या यादीत जे नाही, ते तो सुचवणार कसं? तिने तो तिथेच वहीत उतरवून घेतला.

बाहेरच्या जगात ही पद्धत मोठ्या कामांना वापरतात. २०१७ च्या सुमारास ऑटोडेस्क कंपनीने टोरांटोमधलं आपलं ऑफिस असं आखलं. मशीनने दहा हजार पर्याय काढले आणि सहा कसोट्यांवर जोखले. हॉलंडमध्ये अल्कमार गावी घरांची एक वसाहत या पद्धतीने आखली गेली, तिथे बांधकामाचा खर्च, छपरावर मिळणारी सौरऊर्जा आणि परसाची जागा अशा गोष्टी एकमेकींसमोर ठेवल्या होत्या. आपल्या २७० फुटांच्या घरासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. बंगल्यात एक खोली अंधारी निघाली तर दुसरीत बसता येतं. इथे दुसरी खोली कुठे आहे?

बरं, प्रत्येकीकडे काही आर्किटेक्ट भाची नसते. पण सूर्य सगळ्यांचा सारखाच आहे, आणि त्याचा हिशेब कागदावरही होतो. आपल्या सेलू-वर्धा भागात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो तो २५ मेच्या आसपास. नेमका नवतपा लागतो तेव्हाच! पुन्हा एकदा येतो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पण तेव्हा ढग असतात म्हणून कळत नाही. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे इतका झुकलेला असतो की क्षितिज आणि डोक्याचा माथा यांच्या जवळजवळ मध्यावर दिसतो. म्हणून दक्षिणेची खिडकी आपल्याकडे फार गुणी. तिच्यावर लगेच दोन फुटांचा छज्जा काढला की मे महिन्याच्या भर दुपारी खिडकीवर ऊन पडतच नाही, आणि चार फूट उंचीची खिडकी असेल तर डिसेंबरात खालची निम्मी खिडकी उन्हात न्हाऊन निघते. पश्चिमेला मात्र हा छज्जा कामाचा नाही. चार-पाच वाजताचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथे झाड हवं, नाहीतर सपरी, नाहीतर न्हाणी-संडासाची आडवी भिंत. उत्तरेकडून उजेड येतो आणि ऊन फारसं येत नाही, तेव्हा ओटा पूर्वेला जमत नसेल तर उत्तरेला घ्यावा. जूनमध्ये तेवढं सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन उत्तरेच्या भिंतीवरही येतं.

मिस्त्री कुरकुर करतो. करू द्यावी. मावशींच्या मिस्त्रीने पोकळ बांधणी ऐकून ‘भिंत पडल’ असं सरळ सांगितलं होतं. त्याला आधी मागच्या न्हाणीची भिंत तशी बांधायला लावली, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. आता चौकटीपर्यंत काम आलं आहे. कडुलिंब जागच्या जागी आहे, त्याच्याच सावलीत विटांवर पाणी मारणं चालतं.

ही बातमी आजूबाजूला पसरली आणि गेल्या बैठकीत आणखी सात जणी आपापल्या प्लॉटची मापं घेऊन आल्या. भाचीने फोनवर एकच सांगितलं, मापांच्या आधी मागण्या लिहून पाठव. मी वही घेऊन बसले. पाण्याचा रांजण सावलीत हवा. मिरच्या वाळवायला जागा हवी, पण तिथून बकरी आत येता कामा नये. धूर चुलीवरून सरळ बाहेर जायला हवा. पोरीला अभ्यासाला खिडकीचा कोपरा हवा. कपडे वाळत टाकायची जागा रस्त्यावरून दिसायला नको. एक नवी सून मागे बसली होती, ती हळूच म्हणाली, ‘भाकरी करता करता रस्ता दिसला पायजे.’ सगळ्या हसल्या. मी भाचीला विचारलं, हे असलं काही तुझ्या मशीनमध्ये मोजता येतं का गं? ती म्हणाली, का नाही येणार? टोरांटोच्या त्या सहा कसोट्यांमध्ये ‘बाहेरचं दिसणं’ ही एक होतीच!